पावसात पाहिलेले जुने गोवे

पांढुर्णा आणि सौसर या भागांतील आपल्या वडीलधाऱ्यांना गोवा हा परदेशच होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. आज ती सीमा उरलेली नाही. तथापि काळ्या मातीच्या, कापसाच्या व संत्र्यांच्या मुलखातून जाणाऱ्या माणसाला तो प्रदेश अजूनही निराळाच भासतो. तेथील माती तांबडी, झाडे माडांची, आणि पाऊस तर वर्षाकाठी सुमारे १२० इंच!

गेल्या श्रावणात दोन्ही गावांतील काही कुटुंबांसमवेत आम्ही जुन्या गोव्यास गेलो, त्या दिवशी पावसाने क्षणभरही उसंत घेतली नाही. कित्येकांचा हिरमोड झाला. परंतु वाचकहो, आमचे मत असे की, ही ख्रिस्तमंदिरे पाहावयाची तर पावसातच पाहावीत. दगड, चुना आणि कौल यांची खरी परीक्षा पाऊसच घेत असतो.

प्रथम आम्ही बॉम जेझूस बासिलिकेत गेलो. हिचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यानजीकच्या एका बेटावर देह ठेवला. १५५४ साली त्यांचे पार्थिव गोव्यास आले. ते ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती गोव्याच्याच कारागिरांनी घडविलेली आहे. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतील तस्कनीच्या अधिपतीने पाठविला. दर दहा वर्षांनी होणारे पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडले. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती; सर्वांना शांतपणे प्रार्थना करता आली.

बाहेर येताच आमच्यातील एका आजीने विचारले, "फादर, एवढ्या मोठ्या देवळाला गिलावा कसा नाही हो? आमच्या गोठ्याच्या भिंतीलासुद्धा आम्ही तो करतो."

आजींचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. ही भिंत जांभ्या दगडाची आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत राहून कठीण होतो. परंतु त्याला बारीक छिद्रे असतात आणि तो पाणी शोषून घेतो. म्हणून जुन्या कारागिरांनी त्यावर चुन्याचा जाड गिलावा चढविला होता. कोकणपट्टीत हा चुना शिंपले भाजून तयार करीत. दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी मात्र त्यांनी थेट वसईहून काळा पाषाण आणविला. १९५० च्या दशकात, मंदिर अधिक प्राचीन दिसावे म्हणून, एका पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या सल्ल्याने बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या उघड्या दगडावर उतरत आहे. पुन्हा गिलावा करावा, असे कित्येक जाणकार आग्रहाने सांगतात. तर लोकांच्या डोळ्यांत भरलेले हे तांबडे रूप तसेच ठेवावे, असे म्हणणारेही आहेत. आमचे मत विचाराल, तर ते आजींच्या बाजूचे आहे.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल लागते. १५६२ साली आरंभलेले हे काम १६१९ साली पुरे झाले. अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला ते वाहिलेले आहे. कारण १५१० साली तिच्याच सणाच्या दिवशी पोर्तुगीजांनी हे शहर जिंकले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात आपल्या गंभीर नादाबद्दल प्रसिद्ध असलेली 'सोन्याची घंटा' आहे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या त्याच्या भिंती त्या मुसळधार पावसातही उजळ दिसत होत्या.

शेवटी आम्ही टेकडीवरील संत ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष पाहिले. १६०२ साली बांधलेला तेथील मनोरा सुमारे १५० फूट उंच होता. १८३५ साली सरकारी हुकमाने मठ रिकामा झाला. तो कोणी तोफा डागून पाडला नाही. फक्त छपराकडे पाहणारे कोणी उरले नाही. १८४२ साली आतील घुमट खाली आला. १९३१ साली दर्शनी भिंत व अर्धा मनोरा कोसळला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. मठाच्या जागी मात्र आकाशाखाली भिजणाऱ्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. १९८६ साली जुन्या गोव्यातील या वास्तू जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाल्या. हा बहुमान खराच, परंतु यादीत नाव आल्याने गळती थांबत नाही. त्यासाठी शिडी लावून वर चढणारा माणूस लागतो.

शेतकरी बंधूंना हे निराळे सांगावयास नको. संत्र्याच्या मुळाशी पाणी साचू लागले, तर वरची पाने हिरवी असतानाच झाड खालून सडू लागते. घराचे व देवळाचेही तसेच आहे. फुटलेले एक कौल बदलावयास अर्धा तास लागतो. ते तसेच राहिले, तर पहिल्या वर्षी वासा भिजतो, पुढे तो कुजतो, आणि मग सगळ्या छपराचा खर्च गावाच्या अंगावर येतो.

आपली गावची चर्चे लहान आहेत. ती पाहण्यासाठी दुरून प्रवासी येणार नाहीत, कोणते सरकारी खाते त्यांची निगा राखणार नाही. ती आपल्याच हातांवर अवलंबून आहेत. म्हणून मृग लागण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक दिवस चर्चसाठी द्यावा, ही आमची विनंती आहे. तरुणांनी कौले चाळावीत, भगिनींनी भिंती सारवून-पोतारून घ्याव्यात, मुलांनी पाण्याच्या वाटेतील पालापाचोळा काढावा. ज्या भिंतींच्या आत आपला बाप्तिस्मा झाला आणि जेथून आपल्या आईवडिलांना आपण अखेरचा निरोप दिला, त्या भिंतींवर चुन्याचा एक हात फिरविणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.