‘ले मिझराब्ल’ अर्धवट सोडलीये? मग दुसऱ्यांदा सुरुवात इथून करा

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ उत्साहात विकत घ्यायची, पन्नास-साठ पानं वाचायची आणि बुकमार्क घालून कपाटात ठेवून द्यायची. खूप जणांचं असं होतं.

१८६२ साली आलेल्या या फ्रेंच कादंबरीची गोष्ट तशी अनेकांना ऐकून माहीत असते. पाव चोरला म्हणून तुरुंगात गेलेला आणि पळायच्या प्रयत्नांमुळे शिक्षा वाढत जाऊन १९ वर्षांनी सुटलेला जाँ वालजाँ. साने गुरुजींनी ‘दुःखी’ या नावाने ही गोष्ट मराठीत आणली.

पण पूर्ण कादंबरी उघडली की हा वालजाँ दिसतच नाही. पहिली १४ प्रकरणं आहेत एका म्हाताऱ्या बिशपवर. बहुतेक जण इथेच गळतात.

मग ही १४ प्रकरणं कशासाठी?

(पुढे स्पॉयलर आहेत.)

या बिशपने राहता वाडा शेजारच्या इस्पितळाला दिलाय. वर्षाच्या १५ हजारांतले तो स्वतःसाठी फक्त १ हजार ठेवतो. चैन एकच, चांदीचे काटे-चमचे आणि दोन कँडलस्टँड. वालजाँ काटे-चमचे चोरतो, पोलीस त्याला पकडून आणतात. बिशप म्हणतो, ते मीच दिलेत. वर कँडलस्टँडही देऊन टाकतो.

आधीची पानं गाळली तर हा माणूस नुसता भोळा वाटतो. वाचली असतील तर कळतं की, जी एक गोष्ट त्याला सोडवत नव्हती तीच त्याने दिली. शेवटी वालजाँ मरतो तोही याच कँडलस्टँडच्या उजेडात.

वॉटर्लूच्या लढाईचंही तसंच. १९ प्रकरणं गोष्ट थांबल्यासारखी वाटते. पण शेवटच्या प्रकरणात मेलेल्या सैनिकांचे खिसे कापणारा थेनार्दिए दिसतो. त्याच्या हातून चुकून ज्याचा जीव वाचतो, तो अधिकारी म्हणजे मारियुसचा बाप. पुढे मारियुस या उपकाराचं ओझं वागवत राहतो.

पॅरिसच्या गटारांचा इतिहासही उगाच नाही. १८३२ च्या उठावात जखमी झालेल्या मारियुसला खांद्यावर घेऊन वालजाँ याच गटारांतून जातो.

परत वाचताना काय करायचं?

आधी हातातली आवृत्ती संक्षिप्त आहे का ते बघा. पूर्ण असेल तर पहिल्या भागातल्या दुसऱ्या पुस्तकापासून सुरू करा. १८१५ चा ऑक्टोबर, संध्याकाळची वेळ, उपाशी वालजाँ गावात शिरतोय. कँडलस्टँडचा प्रसंग झाला की मागे जाऊन बिशप वाचा. आता तो कंटाळवाणा वाटणार नाही.

कॉन्व्हेंटची माहिती किंवा पॅरिसच्या चोरांच्या भाषेवरची प्रकरणं जड गेली तर सरळ पुढे जा. कथानक निसटत नाही.

आणि पानांची संख्या बघून घाबरू नका. कादंबरीत ३६५ प्रकरणं आहेत, त्यातली बरीचशी छोटी. रोज एक वाचलं तरी वर्षभरात ती संपते.