स्टीलची ब्रेक नळी : काम तासाभराचे, जबाबदारी जिवाची

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातील वाहत्या रस्त्यावरचे गाव. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. म्हणजे गावाच्या नावातच हुनर आहे. आज मात्र अशा गावांतील तरुणांच्या हाताला रंगापेक्षा ग्रीस जास्त लागलेले दिसते. 2023 साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर कन्नड घाटातून जड वाहनांना मनाई झाली आणि ट्रक-कंटेनर देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव या मार्गाने वळवण्यात आले. जेथे वाहन वाढते तेथे मेकॅनिकला काम मिळते, आणि या कामात आपल्या समाजातील उस्ताद-शागिर्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून एका नव्या कामाविषयी येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

गिऱ्हाईक येते ते बहुधा तरुण असते. जुनी मोटार घेतलेली, चाके रुंद केलेली. त्याला पुढे मोठे कॅलिपर हवे असतात आणि रबरी होजच्या जागी स्टीलची नळी. केटीएम ड्यूकसारख्या मोटारसायकलींमुळे अशी नळी आता खेड्यातल्या पोरांनाही माहीत झाली आहे. ‘उस्ताद, स्टील टाका, गाडी जागेवर उभी राहील,’ असे तो म्हणतो. येथेच मेकॅनिकने त्याला थांबवले पाहिजे.

ही नळी प्रत्यक्षात स्टीलची नसते. आत टेफ्लॉनची बारीक नळी असते व तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची घट्ट वीण असते. ब्रेक दाबला की रबरी होज किंचित फुगते आणि पायाचा थोडा जोर त्या फुगण्यात जातो. स्टीलची वीण हे फुगणे कमी करते, त्यामुळे पेडल कडक लागते आणि पायाला अंदाज चांगला येतो. फायदा एवढाच. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. टायर गुळगुळीत असेल तर सोन्याची नळी टाकली तरी अंतर कमी होणार नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत नवी कंपनीची रबरी होज आणि ताजे ब्रेक ऑइल टाकले तरी मालकाचे समाधान होते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे, मग पैसे घ्यावेत.

आता मुख्य गोष्ट. ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाईप प्रेस करून देणारी दुकाने आता तालुक्याच्या ठिकाणीही झाली आहेत. धंदा चांगला आहे. पण तेथे कोणी ब्रेकची नळी बनवून मागितली तर सरळ नाही म्हणावे. हायड्रॉलिक पाईपचे आतले रबर साधारणतः नायट्राइलचे असते आणि ते खनिज तेलासाठी असते. ब्रेक ऑइल हे ग्लायकॉलचे रसायन आहे. त्यात नायट्राइल फुगते, मऊ पडते, आणि त्याचे तुकडे कॅलिपरकडे जातात. उलट कॅलिपर व मास्टर सिलिंडरचे वायसर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. त्यांना रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागले की तेच वायसर फुगून बसतात. रॉकेलने पार्ट धुण्याची आपल्या गॅरेजमधील सवय ब्रेकच्या कामात मोडलीच पाहिजे.

टेफ्लॉनची नळी आणून तिला घरच्या प्रेसवर टोपी दाबणे हेही तितकेच धोक्याचे. प्रेस केलेली नळी पहिल्या दिवशी गळत नाही, म्हणून कारागिराला वाटते की काम पक्के झाले. पण चाक वळताना आणि खड्ड्यात उतरताना नळी हजारो वेळा हलते आणि टोपीच्या तोंडाशीच तुटते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 106 या नियमात म्हणूनच नळी दाबाखाली ठेवून सलग 35 तास फिरवत झटकण्याची चाचणी आहे. आपल्याकडे ब्रेक होजसाठी आयएस 7079 हे मानक आहे. ज्या नळीवर बनवणाऱ्याचे नाव आणि मानकाचा उल्लेख नाही, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणारी हजरत पैगंबर (स.) यांची हदीस आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने सांगायला नको. ही नळी तशीच आहे. रबरी होजला पडलेल्या भेगा डोळ्यांना दिसतात, येथे चकचकीत वीण वर आणि दोष आत.

कॅलिपरचा हिशेबही करावा लागतो. समजा जुन्या सरकत्या कॅलिपरला 48 मिमीचा एक पिस्टन होता आणि नव्याला 40 मिमीचे दोन आहेत. जुने क्षेत्रफळ सुमारे 1810 चौरस मिमी, नवे सुमारे 2513. म्हणजे पॅड तेवढाच सरकवायला जवळपास 39 टक्के जास्त ऑइल लागणार, आणि मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल तेवढे खोल जाणार. मग मालक म्हणतो एअर राहिली, मेकॅनिक पुन्हा पुन्हा एअर काढतो, आणि दोष कोठेच सापडत नाही. शिवाय जोर फक्त पुढे वाढला तर पुढची चाके लवकर लॉक होतात. कॅलिपर चाकाच्या आत बसतो का, हे तर सर्वांत आधी पाहावे. 13 इंची रिममध्ये मोठा कॅलिपर बहुधा मावत नाही.

बसवताना आटे तपासल्याशिवाय पाना लावू नये. 10 मिमीचा बोल्ट दिसायला सारखाच, पण त्यात 1.0 आणि 1.25 असे दोन्ही पिच येतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे जातो, पुढे जोर लावला की कॅलिपरचे आटेच निघतात. फ्लेअरचेही तसेच : काही स्टीलच्या नळ्यांचे तोंड 37 अंशांचे असते, गाडीच्या पाइपाचे पुष्कळदा 45 अंशांचे. दोन्ही एकमेकांत आवळता येतात, पण बसत नाहीत. अशा ठिकाणी टेफ्लॉन टेप गुंडाळणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. येथे गळती आट्यांनी थांबत नाही, ती बसक्या तोंडाने किंवा तांब्याच्या वायसरने थांबते. टेपचा तुकडा सुटला तर आत जाऊन अडकतो. तांब्याचे वायसर दर वेळी नवे, बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक.

नळीला पीळ नको, तीव्र वळण नको. टेफ्लॉन एकदा मुडपले की ती नळी फेकायचीच. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, आणि चाक लोंबते सोडून व गाडी दाबून, नळी ताणत नाही आणि टायरला लागत नाही हे पाहावे. उघडी वीण कानशीसारखी असते. शेजारची वायर ती महिन्याभरात कापते. म्हणून वर प्लॅस्टिकचे आवरण असलेली नळी बरी, आणि जुन्या ब्रॅकेटची जागा मोकळी सोडू नये.

कॅलिपर डावे-उजवे बदलले की एअर काढण्याचा निपल खाली येतो आणि वर अडकलेली हवा कधीच निघत नाही. ही चूक नवशिक्यांचीच नसते. ऑइल गाडीच्या टाकीच्या झाकणावर लिहिले असेल तेच, बंद डब्यातले. डॉट 4 ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषले की ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक पुरेसा आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून एकाने पेडल जोरात दाबून धरावे, दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. मोकळ्या मैदानात हळू चालवून परत आणल्यावर पुन्हा एकदा.

कायद्याकडेही दुर्लक्ष नको. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरफारांविषयी आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध केलेल्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. कॅलिपर बदलण्याआधी मालकाने आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्यावे. ते काम त्याचे. आपले काम बिल देण्याचे. कच्च्या चिठ्ठीवर नव्हे, तर नळीवरचे नाव, नंबर, बसवल्याची तारीख, ऑइलचा प्रकार लिहून, आणि पाचशे किलोमीटरनंतर तपासणीला येण्याची सूचना त्यातच देऊन. काढलेली जुनी होज गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावी. तपासणीचे पैसे घेऊ नयेत, असे आम्हाला वाटते.