वाटेतला आकडा

केनवूडच्या टीएम-डी७१० या रेडिओसंचाच्या मेनूत ‘पॅकेट पाथ’ नावाची एक जागा असते. फिरत्या हॅमने, म्हणजे वाहनातल्या हौशी रेडिओचालकाने, तिथे ‘वाइड१-१, वाइड२-१’ असे भरावे, असा रिवाज आहे. हातात नवा संच आला की शेवटचा आकडा वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण आकडा मोठा तर पल्ला मोठा. पण तो पल्ला इतरांच्या वेळेतून मिळतो, आणि हौशी रेडिओच्या शिक्षणात ही गोष्ट फार उशिरा सांगितली जाते.

हौशी रेडिओवर मजकुराची पॅकेटे पाठवण्याचे पहिले प्रयोग १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला झाले. पुढे १९८४ मध्ये ‘एएक्स.२५’ ही नियमावली छापली गेली. तिच्यात प्रत्येक पत्ता म्हणजे जास्तीत जास्त सहा अक्षरांचा कॉलसाइन (स्थानकाचे परवानानाव) आणि त्याला जोडलेला ० ते १५ मधला एक आकडा. पाठवणारा वाटेतल्या स्थानकांची नावेही, म्हणजेच पाथ, आधीच लिहून देऊ शकतो. अशा स्थानकाला डिजिपीटर म्हणतात. आवाजाचा रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. डिजिपीटर मात्र पॅकेट पूर्ण ऐकून घेतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवतो. म्हणजे प्रत्येक हॉपला, वाटेतल्या प्रत्येक उडीला, तीच हवा पुन्हा एकदा अडते.

अ‍ॅनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा (कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर) यांनी १९९२ मध्ये एपीआरएस ही पद्धत हॅम मंडळींपुढे मांडली. मी कुठे आहे, इथे हवामान कसे आहे, अशी छोटी पॅकेटे कोणा एकाला उद्देशून न पाठवता सगळ्यांसाठी सोडायची. त्यासाठी उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ आणि युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ ही एकेकच फ्रिक्वेन्सी ठरली. वेग सेकंदाला १२०० बिट. शंभरेक अक्षरांचे पॅकेट आणि संच चालू व्हायला लागणारा क्षण धरला, तर जवळपास एक सेकंद जातो. दरीतल्या दोन गाड्यांना एकमेकींचा आवाज येत नाही, डोंगरावरच्या डिजिपीटरला मात्र दोघी ऐकू येतात. त्या एकदम बोलल्या की बहुधा दोघींचीही पॅकेटे वाया जातात.

सुरुवातीला घरगुती स्थानके ‘रिले’ या उपनावाला उत्तर देत आणि उंचावरची ‘वाइड’ला. कोणत्याही गावात चालणारा पाथ, ही त्यातली मोठी सोय. अडचण अशी की साध्या डिजिपीटरला आपण हेच पॅकेट आत्ताच पाठवले होते, हे आठवत नसे. पाथमध्ये ‘वाइड’ दोन-तीनदा लिहिला की दोन डोंगर तेच पॅकेट एकमेकांकडे टोलवत बसत. मग ‘वाइड एन-एन’ ही रीत आली. ‘वाइड२-२’ ऐकणारा डिजिपीटर शेवटचा आकडा एकाने घटवतो, पॅकेट पुढे सोडतो आणि काही सेकंद ते लक्षात ठेवतो. डी७१०च्या ‘यूआयचेक’ या सेटिंगमध्ये हा अवधी मुळात २८ सेकंदांचा असतो. टोलवाटोलवी थांबली. पण आता सात हॉप मागणे नुसत्या बोटाच्या दाबाइतके सोपे झाले. सपाट प्रदेशात हॉप दुप्पट केले की पॅकेट साधारण चौपट क्षेत्रावर पसरते, आणि तिथल्या प्रत्येक डिजिपीटरची हवा अडवते.

२००४-०५ च्या सुमारास ब्रुनिंगांनी काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो. ‘रिले’ मोडीत काढून त्यांनी त्या जागी ‘वाइड१-१’ आणले. डोंगरावरचा हुशार डिजिपीटर ते ‘एक हॉप शिल्लक’ असे वाचतो आणि पुनरावृत्ती टाळतो. घरातल्या जुन्या, साध्या डिजिपीटरला ते निव्वळ एक उपनाव दिसते. नियमावलीचे एक अक्षर न बदलता दोन पिढ्यांची यंत्रे एका पाथवर नांदू लागली.

डी७१०वर घरगुती डिजिपीटर करायचा असेल, तर ‘यूआयडिजी’ चालू ठेवून त्यात फक्त ‘वाइड१-१’ हे उपनाव द्यावे, ‘वाइड एन-एन’ हाताळणारे ‘यूआयफ्लड’ आणि ‘यूआयट्रेस’ बंद ठेवावेत. ‘वाइड’साठीचा ‘यूआयट्रेस’ उंचावरच्या स्थानकानेच चालवावा. त्यात प्रत्येक टप्प्याचा कॉलसाइन पाथमध्ये नोंदला जातो, त्यामुळे पॅकेट कुठून आले ते कळते. घरात असा डिजिपीटर सुरू करण्याआधी तिथे खरोखरच डिजिपीटरची उणीव आहे का, हे आठवडाभर नुसते ऐकून ठरवावे. आणि घरावर उंच अँटेना असलेल्याने स्वतःच्या पाथमध्ये ‘वाइड१-१’ घालूच नये.

महाराष्ट्रातल्या हॅमला डिजिपीटरची सर्वांत सुंदर ओळख आकाशातून होते. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून झेपावला. हॅम मंडळींचे संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणे हा त्याचा मुख्य हेतू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तर २०२० मध्ये डी७१० कुळातलाच संच बसवला गेला. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून त्याला एका वेळी ४,००० किलोमीटरहून रुंद प्रदेश ऐकू येतो, म्हणून तिथे एका हॉपपेक्षा जास्त मागण्यात अर्थच नाही. डिजिपीटर चालू असेल तेव्हा फ्रिक्वेन्सी १४५.८२५ मेगाहर्ट्झ, पाथमध्ये फक्त त्या स्थानकाचे ‘एआरआयएसएस’ हे उपनाव, आपोआप जाणारा बीकन बंद. स्थानक क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत जास्तीत जास्त दहाएक मिनिटे मिळतात. तेवढ्यात एक-दोन पॅकेटे हाताने सोडावीत, आणि उरलेला वेळ इतरांची ऐकावीत.