संगणकाचा इतिहास जपणाऱ्या संस्थांचे सभासद व्हा

बाबासाहेबांचे 'मूकनायक' १९२० साली निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. महाराष्ट्र शासनाने १९९० साली त्यांचे पुनर्मुद्रण केले. ते शक्य झाले, कारण मधली साठ-सत्तर वर्षे कोणीतरी हे अंक कपाटात, ट्रंकेत सांभाळून ठेवले होते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या इतर वस्तूंबरोबर त्यांचे टंकयंत्रही जतन केलेले आहे. जपणुकीचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. परंतु टंकयंत्राच्या जागी जो संगणक आला, त्याच्या बाबतीत आपण तितकेच जागरूक आहोत काय?

नव्वदच्या दशकात खिळे जुळवण्याचे काम मागे पडले आणि डीटीपी आले. जयंतीच्या स्मरणिका, भीमगीतांच्या पुस्तिका, धम्म परिषदांची पत्रके संगणकावर तयार होऊन फ्लॉपीत साठवली गेली. आज त्यांतली एखादी फ्लॉपी सापडली तरी नव्या संगणकाला ती घालायला जागाच नसते. आणि फाईल उघडली तरी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्याचे कारण साधे आहे. त्या काळच्या अनेक मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असे. तो फाँट नसला की मजकूर वाचता येत नाही. आता सर्वत्र युनिकोड आहे. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून असा घोळ होत नाही. पण जुना मजकूर आपोआप युनिकोडमध्ये येत नाही. जुना फाँट आणि जुने यंत्र ओळखणारा माणूस लागतो. असा माणूस आणि असे यंत्र सांभाळण्यासाठीच संगणक इतिहासाच्या संस्था असतात.

इंग्लंडमधली 'कॉम्प्युटर कॉन्झर्वेशन सोसायटी' ही अशीच एक संस्था. ती १९८९ साली सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी टोनी सेल यांनी 'कोलॉसस' हे यंत्र पुन्हा उभे केले. मूळ कोलॉसस दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी बनले होते. ते बनवणारे टॉमी फ्लॉवर्स हे लंडनच्या एका गवंड्याचे चिरंजीव. दिवसा काम आणि रात्री वर्ग करून ते शिकले आणि पोस्ट खात्यात अभियंता झाले. युद्ध संपल्यावर गुप्ततेसाठी बहुतेक यंत्रे मोडली गेली, आराखडे जाळले गेले. १९७० च्या दशकापर्यंत जगाला या कामाचा पत्ता नव्हता आणि फ्लॉवर्स यांच्या वाट्याला त्यांचे श्रेय आले नाही. पुढे १९९३ साली काम सुरू झाले, तेव्हा हाताशी होती मोजकी छायाचित्रे आणि काही जुन्या अभियंत्यांनी जपून ठेवलेल्या आराखड्यांचे तुकडे. तेवढ्यावर स्वयंसेवकांनी १९९६ साली यंत्र चालू करून दाखवले. गवंड्याच्या मुलाचे कर्तृत्व आज लोक डोळ्यांनी पाहतात, ते या कागदाच्या तुकड्यांमुळे.

आपल्या देशाचा इतिहासही मोठा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक चालू झाला. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली तेथे 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डामुळे साध्या संगणकावर देवनागरी लिहिता येऊ लागली. मोठ्या संस्थांची नोंद राहीलच. पण ज्या मुलामुलींनी टायपिंगच्या वर्गाचे शुल्क मजुरीतून भरले, २००१ साली सुरू झालेली एमएस-सीआयटी केली आणि घरातली पहिली खुर्चीवरची नोकरी मिळवली, त्यांची नोंद कोण ठेवणार? हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथल्या वस्त्यांत अशी माणसे आहेत. त्यांनी सांगितल्याशिवाय हा इतिहास लिहिला जाणार नाही.

म्हणून प्रथम, घरात शिकणारी मुले असतील तर त्यांना अशा संस्थांचे सभासद होऊ द्या. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या संस्थेत सभासदत्वाला शुल्क नाही आणि पदवीची अटही नाही, आवड असली की पुरे.

दुसरे, आपल्या विहाराच्या वाचनालयात असे लहानसे मंडळ काढा. सुरुवातीला नोंदणीची घाई नको. एक वही पुरे. कोणाच्या घरी कोणती फ्लॉपी, सीडी, स्मरणिका, टायपिंगचे प्रमाणपत्र, जुना संगणक आहे, ते लिहून काढा. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राईव्ह एकच घेतला तरी साऱ्या वस्तीचे काम होते. निघालेला मजकूर युनिकोडमध्ये आणा, त्याच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. ज्यांनी प्रथम संगणक हाताळला, त्या बंधुभगिनींचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. लोकांचे दाखले आणि खासगी कागद मात्र परवानगीवाचून घेऊ नका. जुना पेटीसारखा मॉनिटर घरी उघडू नका. आत विजेचा जबर धक्का बसू शकतो. तांब्यासाठी तारा जाळू नका. तो धूर विषारी असतो.

तिसरे, पैसा. मंडळ वाढले की १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद मिळून नोंदणी करता येते. पण हिशेब पहिल्या दिवसापासून चोख हवा. प्रत्येक वर्गणीची पावती द्या, रोकडवही रोज लिहा, वर्षाअखेर जमाखर्च विहारात वाचून दाखवा. दरमहा दहा रुपये देणाऱ्या आईलाही आपले दान कोठे गेले, हे कळले पाहिजे. तेव्हाच ती पुढच्या महिन्यात पुन्हा देते. ज्यांना पैसे देणे जमत नाही, त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. श्रमदान हेही दानच आहे.

फ्लॉपीवरचा चुंबकीय थर काळाबरोबर खराब होत जातो. कागदाइतकी वाट ती पाहत नाही. येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जमाल, तेव्हा एक दिवस या कामासाठी राखून ठेवा आणि प्रत्येक घराने माळ्यावरचा खोका एकदा खाली उतरवावा.

जयभीम!