‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

बदलापूरला उतरून पहाटे बारवी धरणाच्या जंगलात पक्षी बघायला जाणारे बरेच जण आहेत. दुपारपर्यंत ग्रुपवर यादी येते: दयाळ, तांबट, सर्पगरुड, स्वर्गीय नर्तक. पण यादीत जो पक्षी नाही, तो जंगलातही नाही असं म्हणता येईल का? रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाशी झटापट करावी, विषय कुठलाही असो.

तिबोटी खंड्याचं उदाहरण घेऊ. चिमणीएवढा पक्षी, रंग भडक, पण बसतो ओढ्याकाठच्या दाट झाडीत. कोकणात तो पावसाळ्यात विणीसाठी येतो. समजा, तुम्ही जुलैमध्ये एका ओढ्याला फेरी मारली आणि तो दिसला नाही. मग एक तर तो तिथे नाहीच, किंवा आहे पण आपल्याला सापडला नाही. गंमत अशी, की वहीत दोन्हीसाठी एकच शून्य पडतं.

आता थोडं गणित. पक्षी तिथे असेल तर एका फेरीत तो सापडण्याची शक्यता 40 टक्के धरू (आकडा उदाहरणापुरता). म्हणजे हुकण्याची 60 टक्के. तीन स्वतंत्र फेऱ्यांत सलग हुकण्याची शक्यता 0.6 × 0.6 × 0.6, म्हणजे जवळपास 22 टक्के. सहा फेऱ्या केल्या तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते.

मग हे 40 टक्के आणायचे कुठून? फेऱ्यांमधूनच! अनेक ओढे निवडा आणि एकाच मोसमात प्रत्येक ओढ्याला पुन्हापुन्हा जा. जिथे पक्षी एकदा तरी सापडला, तिथली बाकीची शून्यं म्हणजे आपलं हुकणं. त्यावरून सापडण्याची शक्यता काढता येते, आणि मग किती ओढ्यांवर तो खरोखर असेल याचा अंदाज. 2002 मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं ‘ऑक्युपन्सी मॉडेल’ ते हेच.

हौशी लोकांच्या याद्याही अशा कामी येतात, फक्त शिस्त हवी. दक्षिण आफ्रिकेत 2007 पासून चालू असलेल्या दुसऱ्या पक्षी-अ‍ॅटलस प्रकल्पात प्रदेशाचे साधारण 9 बाय 8 किलोमीटरचे चौकोन पाडलेत. पूर्ण यादीसाठी चौकोनात निदान दोन तास निरीक्षण करावं लागतं, आणि पक्षी ज्या क्रमाने आढळले त्याच क्रमाने लिहायचे.

फेऱ्या वाढवून सगळंच सुटतं असंही नाही. तिबोटीला डिसेंबरमध्ये दहा वेळा शोधलंत, तरी जुलैबद्दल काहीच कळणार नाही. बदलापूर-अंबरनाथमध्ये इमारती डोंगरपायथ्याकडे सरकतायत. अशा ठिकाणी अहवालात ‘प्रजाती आढळली नाही’ एवढंच लिहिलं, की वाचणारा ‘प्रजाती नाही’ असं समजून पुढे जातो. ओढा मात्र नंतर परत आणता येत नाही.

पक्षी तुमचा विषय नसेल तरी हे लागू आहेच. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या युनिट्सचा सर्व्हे सकाळी केला आणि दार बंद दिसलं, तर ‘काम बंद’ लिहाल का? कदाचित तिथे रात्रपाळी असेल.

म्हणून फील्डवर जाताना वहीत आधीच रकाने आखा: तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, चाललेलं अंतर, हवामान, सोबत किती जण, सगळ्या प्रजाती नोंदल्या की निवडक. हे रकाने भरलेले असतील, तरच तुमच्या शून्याला काही किंमत आहे.