पन्हाळ्याच्या कातळात कोरलेली दिशा

लोहचुंबक म्हटले की टाचण्या ओढणारा तुकडा डोळ्यांपुढे येतो आणि ओढणे हाच त्याचा गुण, असे आपण धरून चालतो. पण चुंबकत्व समजून घ्यायचे तर ओढण्यापेक्षा वळवण्याकडे बघावे. चुंबकाभोवतीच्या प्रत्येक जागी त्याच्या प्रभावाला ठरावीक दिशा आणि जोर असतो. यालाच चुंबकीय क्षेत्र म्हणतात. पृथ्वीचे क्षेत्र होकायंत्राच्या सुईचे एक टोक जितक्या जोराने उत्तरेकडे लोटते, तितक्याच जोराने दुसरे टोक दक्षिणेकडे लोटते. म्हणून सुई जागची सरकत नाही, नुसती वळते. हे वळणे कोल्हापूर परिसरातल्या काळ्या पाषाणातही साठून राहिले आहे आणि भारताची भूमी एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळतो.

लोखंडाच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन हे स्वतःच इवलेसे चुंबक असतात. साध्या लोखंडात अणूंचे गट निरनिराळ्या दिशांना तोंड करून असल्याने एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. बहुतेक गट एका दिशेला वळले की तुकडा चुंबक होतो. उष्णता ही शिस्त मोडते. शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व सुमारे 770 अंश सेल्सिअसला, तर मॅग्नेटाइट या खनिजाचे सुमारे 580 अंशांना नाहीसे होते. म्हणूनच फौंड्रीत भंगार सहज उचलणारा विद्युतचुंबक त्याच लोखंडाच्या वितळलेल्या रसाला उचलू शकत नाही. या मर्यादेला पिएर क्यूरी यांचे नाव आहे. पदार्थ तिच्याखाली थंड होताना भोवती जे क्षेत्र असेल, त्याची दिशा तो धरून ठेवतो.

दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थराथरांनी पसरला. त्यातल्या वरच्या थरांच्या एका गटाला भूवैज्ञानिकांनी कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्याचेच नाव दिले आहे. लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजांनी त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरली. ही दिशा नुसती उत्तर-दक्षिण नसते. सुई मधोमध टांगून वर-खाली फिरू दिली, तर ती विषुववृत्ताजवळ आडवी राहते, उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते आणि दक्षिण गोलार्धात ते वर उचलले जाते. अक्षांश वाढेल तसा हा झुकाव ठरावीक नियमाने वाढतो. कोल्हापुरात आज हे टोक 20 ते 25 अंश खाली झुकते. पन्हाळा गटाच्या खडकांत मात्र ते 45 ते 50 अंशांच्या आसपास वर उचललेले आढळते. त्यावरून अक्षांश निघतो तो दक्षिणेकडचा, तिशीच्या जवळचा. म्हणजे आपली भूमी तेव्हापासून सुमारे 5000 किलोमीटर उत्तरेला सरकली आहे. 1956 साली लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांवरून हे मांडले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम वाढवले.

यावर शंका येतात आणि त्या रास्त आहेत. कातळावर वीज पडली तर मूळ दिशा बिघडते. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पायरीपायरीने तापवून वरचे कच्चे चुंबकत्व काढतात आणि मूळचे तेवढे मोजतात. दुसरी शंका अधिक नेमकी आहे. अक्षांशाच्या नियमाने कोल्हापुरात आजची सुई 31 अंशांच्या आसपास झुकायला हवी, ती तेवढी झुकत नाही. मग हा नियम जुन्या खडकांना कसा लावायचा? उत्तर असे, की क्षेत्र कायम थोडे डुलत असते, पण हजारो वर्षांच्या सरासरीत हे डुलणे नाहीसे होते. म्हणून एका दगडावर न विसंबता अनेक थर मोजतात. तिसरी शंका, भूमीऐवजी ध्रुवच सरकला नसेल कशावरून? तसे असते तर सगळ्या खंडांच्या समवयस्क खडकांनी एकच ध्रुव दाखवला असता. खंड आजच्या जागी धरले तर ते तसे दाखवत नाहीत. खंड सरकले असे मानले तरच हिशेब जुळतो.

सह्याद्रीतल्या खालच्या, जुन्या थरांत तर दिशा चक्क उलटी आहे. उत्तरेचे टोक दक्षिणेकडे आणि खाली. मधल्या काळात पृथ्वीच्या क्षेत्राचे ध्रुव पालटले, असा त्याचा अर्थ. कोल्हापूरच्या शाळांनी चुंबकाचा धडा शिकवताना टाचण्यांवर न थांबता मधोमध टांगलेली सुई मुलांपुढे ठेवावी आणि तिचा झुकाव त्यांना स्वतः मोजू द्यावा.