विश्लेषण : पावणेआठशे वर्षे तोड सुरू, तरी ही इंग्लिश राई जिवंत कशी?

एप्रिल संपत आला की इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मित्रांच्या किंवा नातेवाइकांच्या स्टेटसवर एक फोटो हमखास येतो. उंच झाडे, त्यांची कोवळी पालवी आणि खाली नजर पोहोचेल तिथवर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा. ही फुले ब्लूबेलची. फोटो पाहून ही जागा कुणाचाही हात न लागलेले रान वाटते. प्रत्यक्षात अशा बहुतेक ठिकाणी शतकानुशतके कुऱ्हाड चालत आलेली आहे. सफक परगण्यातील ब्रॅडफील्ड वुड्स हे त्याचे ठळक उदाहरण. इथे १२५२ पासून सातत्याने झाडे तोडली जात असल्याची नोंद आहे. तरीही ही जागा आज राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे.

हे जंगल आहे की बाग?

दोन्ही नाही. इंग्रजीतील ‘वुड’ला मराठीत ‘राई’ म्हणणे जास्त जवळचे. लंडनच्या ईशान्येला बरी सेंट एडमंड्स हे जुने मठाचे गाव आहे आणि ब्रॅडफील्डची राई तिथून थोड्याच अंतरावर, शेतांच्या मधोमध आहे. क्षेत्र शंभर हेक्टरपेक्षाही कमी. मध्ययुगात ती बरीच्या मठाच्या मालकीची होती. तिच्या एका भागाला आजही ‘मंक्स पार्क’, म्हणजे साधूंचे राखीव रान, असे नाव आहे. १५३९ मध्ये मठ बरखास्त झाला, मालक बदलले, पण तोड थांबली नाही.

ब्रिटनमध्ये अशा राईंसाठी ‘प्राचीन राई’ अशी अधिकृत वर्गवारी आहे. इंग्लंडमध्ये किमान १६०० सालापासून जी जमीन सलग झाडांखाली आहे, ती प्राचीन. हेच साल का? त्याआधी मुद्दाम झाडे लावण्याची पद्धत फारशी नव्हती. त्यामुळे त्या वेळी जिथे राई होती, तिथे ती मूळचीच असण्याची शक्यता मोठी. अशा राई आता ब्रिटनच्या जमिनीच्या जेमतेम अडीच टक्क्यांवर उरल्या आहेत.

तोडूनही झाडे मरत का नाहीत?

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. ऊस तोडला की बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात आणि खोडव्याचे पीक मिळते. हेझल, ॲश, आल्डर यांसारख्या झाडांचेही तसेच आहे. हिवाळ्यात पाने गळाल्यावर झाड जमिनीलगत तोडतात. वसंतात त्याच खुंटातून डझनभर सरळ धुमारे फुटतात. मुळे आधीच पसरलेली असल्याने वाढ झपाट्याने होते. काही वर्षांनी काठ्या हव्या तेवढ्या जाड झाल्या की पुन्हा तोड. या पद्धतीला ‘कॉपिसिंग’ म्हणतात. तोडीची फेरी झाडानुसार आणि गरजेनुसार साधारण ८ ते २५ वर्षांची असते.

गंमत म्हणजे या तोडीने झाडाचे आयुष्य वाढते. न तोडलेला ॲश साधारण दोनशे वर्षांत थकतो. ब्रॅडफील्डमधील ॲशचे काही खुंट मात्र हजार वर्षांच्या आसपासचे असावेत, असा अंदाज आहे. ते पाहायला गेलेल्याला भव्य वृक्ष दिसत नाही. दिसते ते पोकळ पडलेले, शेवाळलेले, जमिनीलगतचे लाकडाचे कडे आणि त्यावर उभ्या पोरसवदा काठ्या. माहिती नसेल तर त्यावरून नजर सरळ पुढे जाईल.

संपूर्ण राई एकदम कधीच तोडत नाहीत. तिचे तुकडे पाडलेले असतात आणि दर हिवाळ्यात एक-दोन तुकड्यांची पाळी येते. मध्ये मध्ये ओकची झाडे मोठी होऊ देतात, ती घरांच्या तुळयांसाठी. बाकीचा माल रोजच्या गरजांचा. हेझलच्या काठ्या विणून त्यावर माती लिंपली की भिंत तयार, अगदी आपल्या कुडासारखी. शाकारणीच्या खुंट्या, कुंपणाचे ताटवे, सरपण हे सगळे इथूनच जायचे.

मग बाकीच्या राई कुठे गेल्या?

कोळसा आणि रेल्वे आली, सरपणाची मागणी आटली आणि एकोणिसाव्या शतकापासून कॉपिसिंग मागे पडत गेले. मोठा घाव बसला तो विसाव्या शतकात. १९३० च्या दशकापासून पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत प्राचीन राईंपैकी जवळपास निम्म्या राई शेतीसाठी उखडल्या गेल्या किंवा तिथे झटपट वाढणारे सूचिपर्णी वृक्ष लावले गेले. ब्रॅडफील्डही सुटले नाही. १९६० च्या दशकात मंक्स पार्कचा मोठा भाग शेतीसाठी साफ करण्यात आला. उरलेली राई निसर्गप्रेमींच्या धडपडीमुळे वाचली आणि आज ती सफक वाइल्डलाइफ ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

ती तोपर्यंत टिकली, याचे श्रेय मात्र एका साध्या अवजाराला द्यावे लागेल. जवळच्या गावात लाकडी दाताळी बनवणारा कारखाना होता आणि त्याला दांड्यांसाठी सरळ काठ्या लागत. गिऱ्हाईक होते म्हणून राई होती, इतका तो रोकडा हिशेब होता.

तोडीचा आणि फुलांचा काय संबंध?

सगळा खेळ उजेडाचा आहे. ब्लूबेल मध्य एप्रिल ते मध्य मे या काळात फुलतो, कारण वरच्या झाडांची पाने पूर्ण उलगडेपर्यंतच जमिनीवर ऊन पोहोचते. तेवढ्या आठवड्यांत त्याला वर्षभराचे अन्न कंदात साठवावे लागते. राई तोडायचे थांबले की झाडी दाट होते आणि खाली अंधार पडतो. उलट तुकडा तोडला की दबून राहिलेली फुले पुढच्या एक-दोन वसंतांत उसळून येतात. पूर्व इंग्लंडच्या चिकणमातीच्या राईंपुरते उरलेले पिवळे ऑक्सलिप हे त्यातलेच.

पक्ष्यांचेही तसेच. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून येणाऱ्या नाइटिंगेलला घरट्यासाठी तोडीनंतर काही वर्षांनी होणारी गच्च झुडुपे लागतात. झाडी त्याहून उंच झाली की तो जागा सोडतो. म्हणून एकाच राईत वेगवेगळ्या वयाचे तुकडे लागतात. ब्रिटनमधील नाइटिंगेलची संख्या गेल्या अर्धशतकात ९० टक्क्यांच्या आसपास घटली आहे.

आपल्याकडच्या देवराईत काडीही उचलायची नाही, असा दंडक असतो. त्या संस्काराने इथे गेलेला माणूस हिवाळ्यात ताजी तोड पाहून हळहळेल. पण इथे काळजी करायची ती तोड थांबल्यावर.

चालणाऱ्यांना कुठे जाता येते?

इंग्लंडमध्ये हवे तिथे भटकण्याचा सरसकट हक्क नाही. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याची मुभा दिली, पण राईंना त्यात सरसकट स्थान मिळाले नाही. खासगी राईतून कायद्याने मान्य असलेली सार्वजनिक पायवाट जात असेल, तर तिच्यावरून कुणीही जाऊ शकतो. वाट सोडून आत शिरणे हा सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही. तो दिवाणी मामला असतो आणि मालक बाहेर जायला सांगू शकतो. ट्रस्टच्या ब्रॅडफील्डसारख्या राई लोकांसाठी खुल्या असतात. तिथे आखलेल्या वाटा असतात आणि चिखल इतका की बूट घोट्याच्या वरचेच हवेत. परतल्यावर पायांवर गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहणे आवश्यक, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो.

वाट सोडून दोन पावले गेले तर काय बिघडते?

फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांचा हाच प्रश्न असतो. ब्लूबेलचे फूल तुटले तर फारसे बिघडत नाही, पण पान चिरडले की त्या हंगामात कंदाची उपासमार होते. बी पडल्यापासून पहिले फूल यायला ५ ते ७ वर्षे लागतात. तुडवलेला पट्टा म्हणूनच अनेक वर्षे बोडका राहतो आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याला तीच वाट वाटते. वुड ॲनिमोन या पांढऱ्या फुलाचा पसरण्याचा वेग तर शंभर वर्षांत सुमारे सहा फूट इतकाच. कास पठारावर पर्यटकांच्या संख्येला मर्यादा का घालावी लागली, हे ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

जगातील साधारण निम्मे ब्लूबेल एकट्या ब्रिटनमध्ये आहेत. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ते मुद्दाम उपटणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. रानातील कंदांच्या विक्रीवर १९९८ मध्ये बंदी आली. पायाखाली तुडवण्यावर कायदा कसा करणार?

खरा धोका कुणाचा?

पर्यटकांपेक्षा हरणांचा. ब्रिटनमध्ये सुमारे २० लाख हरणे असल्याचा अंदाज आहे आणि त्यांना खाणारे लांडगे केव्हाच संपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियातून आणलेले छोटे मुंटजॅक तर राईतच मुक्काम ठोकून असतात. तोडलेल्या खुंटाचे कोवळे धुमारे हे त्यांचे आवडते खाणे. धुमारे वारंवार खुडले गेले तर हजार वर्षांचा खुंटही काही वर्षांत मरू शकतो. म्हणून तोडीच्या तुकड्यांभोवती कुंपण किंवा फांद्यांचा उंच बांध घालतात. पाहुण्याला तो अडथळा वाटतो.

दुसरे संकट बुरशीचे. पूर्व आशियातून युरोपात आलेला ॲशचा मररोग ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये आढळला. खुल्या निसर्गात तो सर्वप्रथम सापडला तो सफक आणि शेजारच्या नॉरफोक परगण्यातच. देशातील ८० टक्क्यांपर्यंत ॲश त्यात जाऊ शकतात, असे सांगितले जाते. वाळलेल्या फांद्या पडण्याचा धोका असल्याने अनेक राईंमध्ये वाटा बंद कराव्या लागतात. तशी पाटी दिसली तर ती मनावर घ्यायची असते.

२०२५ मध्ये मात्र एक वेगळी बातमी आली. सरे परगण्यातील मार्डन पार्क या राईत शास्त्रज्ञांनी जुन्या आणि तरुण ॲश झाडांची जनुके तपासली. रोग आल्यानंतर आपोआप रुजलेल्या पिढीत प्रतिकारशक्ती आधीच्या पिढीपेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले. निसर्गाची निवड काम करते आहे, पण सावकाश. ती पुढे चालू राहण्यासाठी ही रोपे मोठी व्हायला हवीत. सध्या ती हरणाच्या तोंडाला सहज पोहोचतील एवढीच उंच आहेत.